बदली बसण्याचे दिवस

भिवंडीत उन्हाळा अंगाला कळायच्या आधी कानाला कळतो. एप्रिल अर्धा सरला की आमच्या गल्लीचा आवाज विरळ व्हायला लागतो. एरवी इथं बाराही महिने लूमची खटखट. बाहेरचा पाहुणा आला की पहिल्या दिवशी कानात बोटं घालतो, आणि आम्ही त्याच आवाजात फोनवरून लग्नं जमवतो. पण हे दिवस आले की उत्तरेकडची कारागीर मंडळी मुलुखाला निघतात. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी गव्हाची कापणी, कुणाला नुसतीच आईची आठवण. दोरीनं आवळलेल्या बॅगा, नवाकोरा कुकर, पोरीसाठी चमचमता फ्रॉक, असं सगळं रिक्षात कोंबून कल्याण स्टेशनाकडं वरात निघते. आणि त्याच आठवड्यात अंबाडी गावाकडच्या बाया डोक्यावर करवंदांच्या टोपल्या घेऊन गल्लीत शिरतात.

काल सकाळी अशीच एक बाई दारात आली. पानाच्या द्रोणात करवंदं घेतली, पहिलं तोंडात टाकलं, आणि त्या आंबटगोड चिकानं मला एकदम तो उन्हाळा आठवला. ओठ चिकट, हात चिकट, कीबोर्डसुद्धा चिकट. नाझनीन ओरडायची, "दर्शू, आधी हात धू, मग कोड लिही!" मी काही धुवायची नाही.

नाझनीन माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचे वडील हनीफचाचा लूमवाले, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीचेच, कोकणी मुसलमान. मी पडघ्याजवळच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी. कॉम्प्युटर शिकून हायवेवरच्या एका गोदामात नोकरीला लागले होते आणि बसचा प्रवास नको म्हणून चाचांच्याच गल्लीत खोली घेतली होती. गोदामातली आठवड्याची सुट्टी मी भांडून शुक्रवारची करून घेतली, कारण लूमची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी कारखाना गप्प असायचा. कारखान्याच्या पोटमाळ्यावर एक पंखा, एक टेबल आणि आम्ही दोघी. खालून तेलाचा आणि सुताच्या खळीचा वास यायचा. जुमाची नमाज आटोपून चाचा वर डोकावायचे आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचे, "झालं का तुमचं?"

काय व्हायचं होतं, ते सांगते. गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांत तेव्हा एका मोठ्या कंपनीचं ॲप चालायचं. कुठल्या मागावर कोण, किती ताके निघाले, कुठला माल कुठल्या व्यापाऱ्याचा, सगळं त्यात. ताका म्हणजे मागावरून उतरलेलं कापडाचं लांब ठाण. व्यापारी मुंबईत बसून ते बघायचा आणि त्यावरून ऑर्डरी द्यायचा. ॲप वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू? देखणं होतं, चटकन उघडायचं. पण ते कंपनीचं होतं. आपल्याच कारखान्याची माहिती त्यातून बाहेर काढायला गेलं की 'ही सोय उपलब्ध नाही'. एखादा नियम त्यांना सुचला की सकाळी उठून बघावं तर तो लागू. कुणाशी भांडायचं? फोन लावला तर गाणं लागायचं.

म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं की तसंच एक आपलं करायचं. ओपन सोर्स. म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. नाव ठेवलं 'गल्ली'. चाचांना हे समजावताना माझी जी दमछाक झाली, ती परीक्षेतही झाली नव्हती.

"म्हणजे दार उघडंच ठेवणार?"

"हो चाचा."

"आणि चोर आला तर?"

"चोरणार काय? फुकटच आहे."

चाचा म्हणाले, "बेटा, फुकट म्हटलं की माणूस आधी दोन पावलं मागं सरकतो. नक्कीच काहीतरी भानगड असणार, असं वाटतं." आणि अगदी तस्संच झालं. गल्लीतले लूमवाले पोटमाळ्यावर यायचे, चहा प्यायचे, कौतुक करायचे, आणि जाता जाता विचारायचे, "पण ह्यात तुमचं काय?" आमचं काहीच नाही म्हटलं की त्यांचा चेहरा अजूनच संशयी व्हायचा.

जे वापरून बघायचे, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कंपनीचं ॲप अडलं की लोक मुकाट्यानं फोन बंद करून पुन्हा लावायचे. आमचं अडलं की थेट आमच्या दारात. मासळीबाजारात मी बोंबील निवडत उभी आणि पाठीमागून आवाज, "दर्शना, तुझी गल्ली उघडत नाही गं!" बोंबीलवाली हसून हसून बेजार. नेमकं काय झालं विचारलं तर उत्तर एकच, "बंद पडलंय." कुठं बंद पडलंय, काय दाबल्यावर बंद पडलंय, ते देवाला ठाऊक. लांबून मदत करणारेही भेटले, नाही असं नाही. कोण कुठला एकजण, त्यानं बटणाचा रंग निळा की हिरवा यावर इतका वाद घातला की नाझनीननं वैतागून ते बटणच काढून टाकलं. आणि इचलकरंजीचा उत्तम. तोही मागवाल्याच्या घरातला, कुठूनतरी शोधत इंटरनेटवरच्या आमच्या कोडच्या पानावर आला आणि न विचारता आमची एक चूक दुरुस्त करून गेला. खाली एवढंच लिहिलं होतं, "जमलंय बगा." त्याला मी आजतागायत पाहिलेलं नाही.

पण खरी अडचण ह्यातली कुठलीच नव्हती. ती कळली इद्रिसभाईमुळं.

इद्रिसभाई चाचांच्या कारखान्यातला जुना कारागीर. चार माग त्याच्याकडं. उंच, किडकिडीत, खांद्यावर गमछा, आणि बोलणं असं की रागावला तरी अदबीनं. होळीच्या सुमारास मुलीची सोयरीक पक्की करायला तो थोडे दिवस मुलुखाला गेला. कारागीर गावी गेला की आमच्याकडं त्याच्या मागावर 'बदली' बसतो, म्हणजे त्याच्याऐवजी दुसरा माणूस, बहुधा नात्यातला नाहीतर गावचा. माग मूळ माणसाचाच राहतो. बदलीनं तो फक्त सांभाळायचा आणि माणूस परत आला की उठायचं. ह्याला ना कागद, ना सही. इद्रिसभाईच्या जागी त्याच्या गावचा सलीम बसला.

आता कंपनीच्या ॲपला बदली ठाऊकच नव्हता. एक माग, एक माणूस, एक फोन. पाळी सुरू होताना कारागिराचा फोन कारखान्यात हवा, नाहीतर गैरहजर. मग आमच्या लोकांनी काय करावं? फोन मागं ठेवून मुलुखाला जायला लागले! प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले फोन मागांच्या खांबांना टांगलेले. ॲपच्या लेखी सगळे हजर. आणि लगीनसराईचे दिवस, त्यामुळं ते फोन वाजायचे, सारखे वाजायचे. बदली बिचारा तुटलेली सुताची तार जोडायची सोडून दुसऱ्याच्या सासऱ्याशी बोलतोय.

त्या दिवशी मी खालीच उभी होते. इद्रिसभाईचा फोन वाजला. सलीमनं एका हातानं तो कानाला लावला आणि लूमच्या आवाजावर ओरडला, "हॅलो! इद्रिसभाई मुलुख गए हैं! बाद में करना!"

पलीकडून काहीतरी आलं.

"अरे बोला ना, मुलुख गए हैं!"

मग त्याचा चेहरा पडला. पलीकडं इद्रिसभाईच होता. मेव्हण्याच्या फोनवरून स्वतःच्याच नंबरला फोन लावून विचारत होता, तिसऱ्या मागावरचं सुताचं बीम संपलं का. सलीम ओशाळून म्हणाला, "तो आप को तो मालूम ही है ना, मुलुख गए हैं." आम्ही सगळे पोट धरून हसलो. चाचा तर खाली बसले.

पण हसणं फार दिवस टिकलं नाही. मुलुखाला जाण्याचा मोसम तोंडावर आला आणि कंपनीनं नवा नियम काढला. फोन नाही, आता रोज कॅमेऱ्याला चेहरा दाखवायचा. आठवडाभर चेहरा दिसला नाही की तो माग व्यापाऱ्याला 'रिकामा' दिसणार, त्याची ऑर्डर दुसरीकडं जाणार, आणि माग काम शोधणाऱ्या दुसऱ्या कारागिराला देऊ केला जाणार. इद्रिसभाई सोयरीक जमवून परत आला होता. निकाह मे महिन्यात. तो चाचांसमोर उभा राहिला, गमछा खांद्यावरून काढून हातात धरला, आणि म्हणाला, "मालिक, बेटी की शादी है। जाऊँगा तो लूम जाएगा। नहीं जाऊँगा तो..."

चाचांनी पोटमाळ्याकडं मान वर करून हाक मारली, "पोरींनो, झालं का तुमचं?" ह्या वेळी प्रश्नाचा सूर निराळा होता.

'गल्ली' तयार होती, पण आम्ही केलं काय होतं? कंपनीच्या ॲपचा एकेक पडदा समोर ठेवून हुबेहूब तसाच उतरवला होता. लोकांनाही तेच हवं होतं, "त्यात आहे अगदी तस्सं करा." त्यामुळं आमच्याकडंही एक माग, एक माणूस. फुकटातली तीच अडचण.

मग ते शुक्रवार आले. काय उकाडा होता! पत्रा तापलेला, पंख्याचा वारासुद्धा गरम. नाझनीनची आई कैरीचं पन्हं वर पाठवायची, मी करवंदं आणायची. बदलीसाठी जागा करायची म्हणजे एक नवा रकाना घातला की झालं, असं आम्हाला वाटलं होतं. आम्ही तो घातला. बदली बसला की मूळ नाव जातं, नवं येतं. सुटसुटीत. मेमध्येही सलीमच बदली बसणार होता, म्हणून त्याला खाली जाऊन कौतुकानं दाखवलं. स्क्रीनवर चारही मागांपुढं 'सलीम' असं लिहिलेलं बघितलं आणि तो असा मागं सरला की जणू कुणी त्याला चोर म्हटलंय.

"मेरा नाम काहे लिखा? लूम तो इद्रिसभाई का है।"

"अरे, थोड्याच दिवसांसाठी..."

"नाही दीदी. ऐसा लिखा रहेगा तो हम नहीं बैठेंगे।"

आणि खरंच फोनला हात लावेना. मला राग आला. एवढं केलं आणि ह्याचे नखरे! नाझनीन मात्र वर आल्यावर म्हणाली, "दर्शू, आपण त्याला दुसऱ्याच्या घरात मालक म्हणून बसवलं गं." तिनं सगळं पुसून काढलं आणि पुन्हा मांडलं. मागावर नाव इद्रिसचंच. त्याखाली बारीक अक्षरात, बदली सलीम. ताके मोजायचे सलीमच्या नावावर, माग राहायचा इद्रिसच्या नावावर, आणि इद्रिस परत आला की एका बटणावर सगळं पूर्ववत. ऐकायला सोपं वाटतं. करताना मात्र आमच्या डोक्याचा पार भुगा झाला, कारण सगळा पाया 'एकाला एक' असा घातलेला होता. एक वीट काढली की तीन ढासळायच्या.

कोड जमला, तरी अर्धंच झालं होतं. एकट्या चाचांनी 'गल्ली' घेऊन काय उपयोग? व्यापाऱ्यानं ती मानायला हवी, आणि तो एकट्या कारखान्यासाठी कशाला मानेल? चाचा दारोदार फिरले. दम्याचा माणूस, त्या उन्हात. कुणी म्हणालं बघू, कुणी म्हणालं ईद होऊ दे, कुणी म्हणालं कंपनी गेली तर दुसरी येईल, ह्या पोरी गेल्या तर काय करायचं? चाचा नुसतं म्हणाले, "इद्रिसच्या पोरीचं लग्न आहे." आणि भिवंडीत ह्या वाक्याला नाही म्हणणं अवघड असतं. एकेक करत गल्लीतले कारखाने आले. मग चाचा मुंबईच्या व्यापारी शेठकडं गेले आणि त्याला म्हणाले, "शेठ, तुम्हाला ताक्याशी मतलब, का चेहऱ्याशी?" शेठनं एक मोसम बघतो म्हणून कबूल केलं.

इद्रिसभाई निघाला त्या सकाळी फोन त्याच्या खिशात होता. रिक्षात बसताना त्यानं तो बाहेर काढून आम्हाला दाखवला, वर धरून, झेंड्यासारखा. नाझनीन रडली. मी नाही रडले, मला घाई होती, असं मी तिला सांगितलं.

तो मोसम सुरळीत पार पडला असं मी म्हणणार नाही. दोनदा सगळं बंद पडलं, आणि एकदा 'गल्ली'नं गल्लीतल्या प्रत्येकालाच बदली करून टाकलं, चाचांनासुद्धा. पण माग रिकामे दिसले नाहीत. आणि इद्रिसभाई परतला तेव्हाची गोष्ट मला अजून जशीच्या तशी दिसते. हातात लाडवांचा डबा, बोटांवर मेंदीचा रंग लागलेला. सलीम स्टुलावरून उठला, गमछ्यानं स्टूल पुसलं. मागावरचा ताका पुरा भरला होता, कालच उतरवता आला असता. सलीमनं कात्री इद्रिसभाईच्या हातात दिली. "काटा नहीं। आप काटो।" आमच्याकडं ही रीतच आहे. बदली शेवटचा ताका कापत नाही, तो परत आलेल्या माणसासाठी ठेवतो. इद्रिसभाईनं ताका कापला, दोघांनी धरून बाजूला ठेवला, आणि मग लाडू वाटले.

आता त्याला काही उन्हाळे लोटले. कंपनी काय झोपली होती का? पुढच्याच वर्षी तिच्या ॲपमध्ये बदलीची सोय आली. आमचीच मांडणी, आमच्यापेक्षा सुंदर पडदा. कोड उघडा होता, कुणीही घ्यावा म्हणूनच ठेवला होता, मग तक्रार कुठल्या तोंडानं करायची? निम्मी गल्ली तिकडं परत गेली. मला झोंबलं, चांगलंच झोंबलं. चाचा म्हणाले, "अगं, तिकडंसुद्धा आता माणूस फोन घेऊन मुलुखाला जातो ना? मग झालं." त्यांचं म्हणणं पटायला मला बराच काळ लागला, आणि अजूनही पुरतं पटलेलं नाही.

नाझनीनला पुण्यात मोठी नोकरी लागली. तिच्या कंपनीचा करार असा की बाहेरच्या कोडला हात लावायचा नाही. फोन करते, आईच्या पन्ह्याची आठवण काढते, 'गल्ली'बद्दल मात्र विचारत नाही, आणि मीही सांगत नाही. राहिले मी एकटी. गोदाम सांभाळून उरलेल्या वेळात मीच दुरुस्त्या करणार, मीच शिव्या खाणार. उरलेल्या निम्म्या गल्लीचे माग माझ्यावर, आणि 'ह्या पोरी गेल्या तर काय' हा तेव्हाचा प्रश्न माझ्यासमोर.

ह्या महिन्यात तो खराच उभा राहिला. गावाहून बाबांचा फोन आला. मोतीबिंदू काढायचा ठरला होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. "तुजा कंपुटर हाय तर नको येवस गो बाय, मी करीन कायतरी," असं म्हणाले. म्हणजे ये. बाबांचं बोलणं मला कळतं. मी 'गल्ली'च्या पानावर लिहिलं, की मला घरी जावं लागतंय, ऐन मोसम आहे, काही अडलं तर बघायला मी नसेन, बहुतेक हे आता बंदच करावं लागेल. पाठवलं आणि बॅग भरायला घेतली.

बॅग भरून होते न होते तोच उत्तर आलं. उत्तमचं. "ताई, तुमी बिनघोर जावा. वडिलांचं बगा. मी बसतो बदली."

मी ते वाचलं आणि बॅगेवरच बसले. मग 'गल्ली'चे पासवर्ड त्याला पाठवून गेले गावी. बाबांच्या डोळ्यात थेंब घातले, त्यांच्याशी भांडले, भाताच्या पेजेला त्यांनी ठेवलेली नावं ऐकली. पट्टी काढल्यावर ते माझ्याकडं बघत म्हणाले, "वाळलीस गो. जेवतंस का न्हाय?" मधल्या काळात मोसमाची गर्दी उसळली, कारागीर निघाले, बदली बसले, आणि 'गल्ली' एकदाही बंद पडली नाही. मी नसताना कशी पडली नाही, ह्याचं थोडं वाईटही वाटलं, आता लपवून काय करायचं.

परवा परत आले. काल करवंदं खात कॉम्प्युटर उघडला. उत्तमनं सगळं सांभाळलं होतं, चार जुन्या अडचणीही काढून टाकल्या होत्या. सगळ्या दुरुस्त्यांची नवी आवृत्ती पूर्ण तयार होती, तपासलेली होती. फक्त लोकांसाठी सोडली नव्हती. मला वाटलं, त्याला जमलं नसेल, किंवा तो विसरला असेल. मग खाली त्यानं लिहिलेलं दिसलं.

"सगळं भरून ठेवलंय ताई. कापलं न्हाई. तुमीच कापा."

समोरच्या कारखान्यात कुणाचा तरी बदली माग चालवत होता. मग मी उठले, हात स्वच्छ धुतले, आणि नवी आवृत्ती सोडायचं बटण दाबलं. दाबल्यावर पहिला फोन नाझनीनला केला.